सातारा-सांगलीची संशोधनशाळा

दिवाळीची सुटी संपत आली, की कॉलेजात जाणारी मुले असलेल्या आपल्या घरांतून ‘प्रकल्प’ नावाची एक धावपळ सुरू होते. वडील झेरॉक्सच्या दुकानात, आई फायली आणि रंगीत कागदांच्या शोधात, मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर. दोन दिवसांत चाळीस पाने तयार होतात. मुखपृष्ठावर विषयाचे नाव, आत कोठून तरी उतरवून घेतलेला मजकूर, शेवटी ऋणनिर्देश. सांगलीच्या एका परिचित कुटुंबातील मुलीने मागे असाच एक प्रकल्प आम्हांस दाखविला. विषय होता कृष्णा नदी. नदी तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. परंतु त्या चाळीस पानांत ती एकदा तरी घाटावर जाऊन आल्याची खूण नव्हती. तिला दोष द्यावा असे आम्हांस वाटले नाही. तिला कोणी प्रश्न विचारलाच नव्हता. विषय तेवढा दिला होता.

पर्यावरणाचा अभ्यास सर्व पदवी-विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी जो अभ्यासक्रम आखून दिला, त्यात शंभरांपैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष पाहणीसाठी राखून ठेवले होते. जवळची नदी, टेकडी, तळे पाहा आणि लिहा, अशी अपेक्षा. हेतू उत्तम होता. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्प आणि संशोधनप्रकल्प ह्यांना आणखी वरची जागा दिली आहे. म्हणजे संशोधन हे पूर्वी पीएच. डी. करणाराचे काम होते, ते आता वीस वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीच्या दारात येऊन उभे राहिले आहे. आणि ते कसे शिकवावे, ह्याविषयी मात्र आपल्या कॉलेजांत पुष्कळ ठिकाणी शांतता आहे.

शिक्षणशास्त्रात ह्याला एक नाव आहे, समस्याधारित अध्ययन. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत १९६९ सालापासून ही रीत रूढ झाली. तेथे विद्यार्थ्यांना पहिली दोन वर्षे शरीरशास्त्राची व्याख्याने ऐकवून मग रुग्ण दाखवावयाचा, हा क्रम उलटा केला गेला. चार-सहा विद्यार्थ्यांच्या गटापुढे पहिल्याच दिवसापासून एखाद्या रुग्णाची हकीकत ठेवावयाची: वय अमुक, दुखणे तमुक, काय झाले असावे? मग त्या प्रश्नाने जे जे ज्ञान मागितले, ते विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून आणावयाचे. शिक्षक शेजारी बसतो. उत्तर सांगत नाही.

ही रीत आपण परदेशातून आणली पाहिजे असे अनेकांस वाटते. नाव परदेशी आहे खरे. परंतु महाराष्ट्रात इतिहाससंशोधन ज्या प्रकारे उभे राहिले, त्याकडे पाहिले म्हणजे ही रीत नावावाचून आपल्याकडे नांदत होती असे दिसते. आणि तिचा फार मोठा भाग कृष्णाकाठच्या वाई, सातारा, मिरज अशा लहान गावांत घडला. तो घडविणाऱ्या माणसांना संशोधनाचे वर्ग लाभले नव्हते. त्यांना एकेक प्रश्न छळत होता, एवढेच.

आरंभ एका स्कॉटिश अधिकाऱ्यापासून करावा लागतो. १८१८ साली पेशवाई बुडाली, सातारच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांची स्थापना झाली, आणि त्यांच्याजवळ कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट डफ आले. १८२२ पर्यंत ते साताऱ्यास होते. कारभार पाहता पाहता त्यांनी कागद जमविले, बखरी उतरवून घेतल्या, जाणत्या माणसांना विचारले, आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तो ग्रंथ म्हणजेच मराठ्यांचा इतिहास असे चालले. आपल्या शाळांतून त्याचाच मराठी अवतार वाचला जाई.

मग १८६७-६८ च्या सुमारास पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने ह्या ग्रंथावर टीका करणारा निबंध लिहिला. त्याचे नाव नीळकंठ जनार्दन कीर्तने. त्यातील प्रत्येक मताशी आज सहमत व्हावे असे नाही. परंतु परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकापुढे एका विद्यार्थ्याने उभे राहावे आणि हे तुम्हांस कोठून कळले, असे विचारावे, ही गोष्ट त्या काळी नवी होती. आमच्या मते मराठी इतिहाससंशोधनाचा जन्म कोणत्याही संस्थेच्या स्थापनेत नसून ह्या एका विद्यार्थ्याच्या शंकेत आहे. शंका किती दूरवर जाऊ शकते ह्याचे एकच उदाहरण देतो. ग्रँट डफ ह्यांनी शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा दिला होता. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तेव्हा १६३० हे साल पुराव्यानिशी पुढे आले. आणि शासनाने फाल्गुन वद्य तृतीया, १९ फेब्रुवारी १६३०, ही तारीख स्वीकारली ती २००१ साली.

कीर्तन्यांनी प्रश्न विचारला. उत्तरासाठी लागणारे कागद मात्र गावोगावच्या वाड्यांत, माळ्यांवर, वाळवीच्या आणि पावसाच्या स्वाधीन होते. ते शोधून काढण्याचे वेड विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांनी घेतले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड निघाला, तो वाईस सापडलेल्या पत्रांच्या बळावर. पानिपतच्या आधीच्या दशकातील आणि प्रत्यक्ष पानिपतच्या वेळची ही पत्रे. पानिपत का झाले, ह्या एका प्रश्नासाठी माणसाने किती कागद वाचावेत? राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचताना आजही दम लागतो. स्वभाव तापट, मते टोकाची, कित्येक व्युत्पत्ती तर हसू यावे अशा. पण मालेचे बावीस खंड ह्या एका माणसाच्या पायपिटीतून निघाले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले त्याच्या मुळाशीही तीच पायपीट होती.

आम्हांस मात्र ह्या सर्वांत अधिक जवळचे वाटतात ते मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक होते. जन्म १८५८ चा, मृत्यू १९२४ चा. मिरज, सांगली, तासगाव, कुरुंदवाड हा सारा पटवर्धन सरदारांचा मुलूख. पेशव्यांच्या स्वाऱ्यांत हे सरदार असत, आणि छावणीतून घरी पत्रे येत: आज कोठे मुक्काम, निजामाची फौज कोठे, दाणावैरण कशी, कोण आजारी, कोणाचे काय राजकारण. ही पत्रे घराण्याच्या दप्तरांत साठत गेली. शास्त्रीबुवांनी ती वाचावयास घेतली आणि १८९७ सालापासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ ह्या नावाने ती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांच्या हयातीत बारा खंड निघाले. पत्रे कालक्रमाने लावलेली, आणि मधून मधून शास्त्रीबुवांनी स्वतः सांगितलेली त्या काळची हकीकत. एका शाळामास्तराने शिकवणीच्या उरलेल्या वेळात केलेले हे काम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याला वेळ नाही अशी तक्रार करण्याची लाज वाटते.

हे काम किती अवघड, ते वाचकांना कळावे म्हणून त्यातील एकच अडचण येथे उलगडून दाखवितो. मराठेशाहीतील पुष्कळ पत्रांवर साल नसते. शेवटी ‘छ’ असे अक्षर, त्यापुढे एक अंक आणि मुसलमानी महिन्याचे नाव, एवढेच. ‘छ’ म्हणजे चंद्र. चंद्रदर्शनापासून मोजलेला दिवस. साल लिहिण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटत नसे, कारण पत्र ज्याला जावयाचे त्याला ते चालू सालातच मिळणार होते. आता शंभर-सव्वाशे वर्षांनी असे पत्र हाती आले, तर ते कोणत्या वर्षीचे हे कसे ठरवावयाचे?

समजा, पत्राच्या शेवटी ‘छ ९ रबिलावल’ असे आहे, आणि पत्रात लिहिले आहे की पाऊस उघडत नाही, नदी उतरू देत नाही. मुसलमानी वर्ष ३५४ दिवसांचे; ते आपल्या ऋतुचक्राच्या मागे दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत पूर्ण फेरा करते. तेव्हा रबिलावल ऐन पावसाळ्यात येईल अशी त्या तेहतिसांतली आठएक वर्षेच असू शकतात. पंचवीस वर्षे एका ‘पावसा’ने बाद झाली. पुढे पत्रात कोणा सरदाराचा हयात असल्यासारखा उल्लेख आहे, आणि त्याच्या मृत्यूचे साल दुसऱ्या कागदावरून ठाऊक आहे. आणखी काही वर्षे गेली. उरलेल्या दोन-तीन वर्षांची जंत्री उघडली; पत्रात वार दिला असेल तर तो कोणत्या वर्षाच्या तारखेशी जुळतो ते पाहिले. साल सापडले. ह्यात बुद्धीचे कोणतेही इंद्रजाल नाही. बारावी झालेल्या कोणत्याही मुलामुलीस हे जमेल. फक्त त्यांच्या हाती पत्र दिले पाहिजे, जंत्री कोठे मिळते ते दाखविले पाहिजे, आणि शिक्षकाने उत्तर माहीत असले तरी गप्प बसले पाहिजे. शेवटची अट सर्वांत कठीण.

येथे जाता जाता एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ज्या १८९७ साली शास्त्रीबुवा मिरजेस पटवर्धनांची दप्तरे छापावयास लागले, त्याच साली त्याच मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस ह्या मिशनरी डॉक्टरांनी वैद्यकीय शाळा सुरू केली. इस्पितळ त्यांनी १८९४ साली उभारले होते. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे, आपल्या चर्चचे नव्हेत. परंतु मिरजेचे नाव वैद्यकीय नगरी म्हणून पुढे दूरवर गेले त्याचा पाया त्यांचा. भारतात मिशनऱ्यांनी काढलेली ही पहिली वैद्यकीय शाळा समजली जाते. एका गावात एकीकडे रुग्णाच्या लक्षणांवरून रोग ओळखावयास शिकणारी मुले आणि दुसरीकडे पत्रातील पावसावरून साल ओळखणारा संस्कृतचा शिक्षक. मॅकमास्टरच्या प्राध्यापकांनी सत्तर वर्षांनंतर ज्या रीतीस नाव दिले, तिची दोन्ही अंगे त्या लहानशा संस्थानी गावात हजर होती.

साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस होते. जमविण्याचा हव्यास त्यांच्याइतका क्वचितच कोणास असेल. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर त्यांनी मिळविले, चित्रे मिळविली, ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालविले. त्यांच्या संग्रहाचे साताऱ्यास संग्रहालय झाले, आणि कागदपत्रांचा मोठा भाग १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. सातारकरांना ह्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. कागद टिकले, हे त्याहून महत्त्वाचे.

ह्या मंडळींचा एक मोठा सल असा, की सर्वांत मोठा खजिना, म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर, त्यांना बंद होते. सरकारी मालकीचे ते रुमाल खाजगी अभ्यासकापुढे मोकळे होत नसत. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० नंतर. ह्या संदर्भात आपल्या वाचकांना आठवण करून द्यावीशी वाटते, की व्हॅटिकनचे गुप्त दप्तर पोप तेरावे लिओ ह्यांनी १८८१ सालीच अभ्यासकांना खुले केले होते. चर्चच्या विरोधकांच्या हाती त्यातून शस्त्रे पडतील अशी भीती दाखविणारे त्या वेळीही होते. पोपमहोदयांनी ती भीती मानली नाही.

आणि आता आपल्याच घरातील माणसाकडे येऊ. वर सांगितलेले सारे संशोधक स्वयंभू होते. त्यांची विद्या बहुधा त्यांच्याबरोबरच गेली. कॉलेजच्या वर्गात ती रोज शिकविता येईल अशी कोणी मांडली नव्हती. हे काम मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात एका स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरूंनी केले. फादर हेन्री हेरास १८८८ साली बार्सिलोना येथे जन्मले, १९२२ च्या अखेरीस मुंबईस आले. त्यांच्याविषयीची एक आठवण झेवियर्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्राचार्यांनी त्यांना विचारले, की कोणता इतिहास शिकवाल? फादरांनी उलट विचारले, की मला कोणता येत नाही असे आपणांस वाटते? भारताचा, असे उत्तर आले. मग भारताचाच शिकवीन, असे फादर म्हणाले. आठवणीत शब्द कमीजास्त झाले असतील. पण पुढे जे घडले ते ह्या उत्तराला साजेसे होते. स्वतःला न येणारा विषय शिकवावयास घेणारा शिक्षक विद्यार्थ्यांबरोबर शोधावयास लागतो. त्याला दुसरा मार्गच नसतो.

१९२६ साली दोन गोष्टी घडल्या. फादर हेरास ह्यांनी कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापिली, जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाच्या पद्धतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. साधन अस्सल की नक्कल, लिहिणारा तेथे हजर होता काय, त्याला खरे सांगण्यात लाभ होता की खोटे सांगण्यात, हे प्रश्न कसे विचारावेत ते त्यांना विद्यार्थ्यांच्या हाती द्यावयाचे होते. नुसत्या पुस्तकावर ते थांबले नाहीत. नाणी, मूर्ती, हस्तलिखिते, ख्रिस्ती शिल्पे, ग्रंथ असा संग्रह त्यांनी कॉलेजातच उभा केला. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराइस ह्यांनी कदंब राजघराण्याचा इतिहास लिहिला. तो १९३१ साली फादरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला आणि गोवा व कर्नाटक ह्यांच्या इतिहासाचे अभ्यासक आजही तो हाताशी ठेवतात. शिलालेखांवरून राजांचा क्रम लावणे म्हणजे मिरजेच्या शास्त्रीबुवांनी पत्रांवर केले तेच काम. फरक इतकाच, की हे एका विद्यार्थ्याने शिक्षकाच्या देखरेखीखाली केले होते.

फादर हेरास चुकलेही. सिंधू संस्कृतीची लिपी आपण उलगडली अशी त्यांची खात्री होती आणि १९५३ साली त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; विद्वानांनी ते वाचन मान्य केले नाही. आम्हांस ह्यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. चुकण्याची भीती वाटणाऱ्या शिक्षकाकडून संशोधन शिकता येत नाही. ते १९५५ साली निवर्तले. १९८१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

मुंबईच्या कॉलेजात जे घडले ते सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याच्या मुलापर्यंत कसे पोहोचावे? त्याला आधी कॉलेज तरी हवे होते. ते काम कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी केले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली ती साताऱ्यास आली, आणि १९४७ साली तेथे छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना सर्वांना ठाऊक आहे. तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. आमच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या घरांतून ही मुले आली, त्या घरांत पुस्तके नव्हती हे खरे. परंतु कागद होते. जमिनीची खते, कर्जरोखे, इनामपत्रे, तीही मोडी लिपीत. बाप वाचू शकत नव्हता, मुलगा बाळबोध तेवढी शिकला, आणि मोडी शाळांतून गेली. आपल्याच घरच्या कागदापुढे निरक्षर असलेला पदवीधर ही महाराष्ट्राने निर्माण केलेली एक विचित्र वस्तू आहे. माळ्यावरचे एक खत घेऊन कॉलेजात यावयाचे आणि वर्षअखेरपर्यंत ते वाचावयाचे, ही जमीन आपल्याकडे कशी आली ते सांगावयाचे, एवढा एक प्रश्न दिला तरी त्यात लिपी, कालगणना, महसूल, कायदा असे सारे आपोआप येईल.

कोणी म्हणेल, की कागद सर्वांच्या घरी कोठून असणार? बरोबर आहे. पण ह्या दोन जिल्ह्यांत असा एक प्रश्न आहे, की ज्याला कागद नसलेल्या घरातही उत्तराचा तुकडा सापडेल. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे समांतर सरकार चालविले. गावोगावी न्यायदान झाले, तुफान सेना उभी राहिली, १९४६ पर्यंत ते टिकले. लोक त्याला ‘पत्री सरकार’ म्हणतात, पुस्तके ‘प्रति सरकार’ म्हणतात. ह्यांतले मूळ नाव कोणते? एक म्हणणे असे, की सरकारचे हस्तक आणि गावगुंड ह्यांच्या पायांना पत्री ठोकण्याची शिक्षा दिली जाई, त्यावरून पत्री. दुसरे असे, की प्रति म्हणजे समांतर, आणि लोकांच्या तोंडी त्याचे पत्री झाले.

ह्या एका शब्दात वर्षभराचा अभ्यास आहे. पाच विद्यार्थ्यांचा गट करावा. एकाने १९४३ ते १९४६ मधील वृत्तपत्रांत हा शब्द प्रथम कोठे येतो ते पाहावे. दुसऱ्याने सरकारी अहवालांतील नाव शोधावे. तिसऱ्याने कार्यकर्त्यांच्या आठवणी वाचाव्यात, आणि त्या कोणत्या साली लिहिल्या गेल्या ते आधी टिपून ठेवावे. कारण चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण आणि त्याच आठवड्यात लिहिलेले पत्र ह्यांचे वजन सारखे नसते. चौथ्याने शिक्षेच्या हकीकतींची छाननी करावी: प्रत्यक्ष पाहिलेली किती, ऐकीव किती? पाचव्याने गावातील वृद्धांना भेटावे. ह्या कामात त्यांना काही धडे न शिकविता मिळतील. उदाहरणार्थ, सांगली जिल्ह्याच्या नावाखाली १९४३ चे कागद शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. त्या वेळी असा जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ साली आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. चळवळीचे मोठे केंद्र असलेले कुंडल तर औंध संस्थानात होते, आणि ब्रिटिश पोलिसांना संस्थानाच्या हद्दीत मोकळेपणी हात घालता येत नव्हता. नकाशा मांडीवर घेतल्यावाचून ह्या चळवळीचे रहस्य कळत नाही, हे विद्यार्थ्याला असे स्वतः कळले की तो ते विसरत नाही.

शब्दांचेही असेच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी कार्यकर्त्यांनी अडविली. पुस्तके त्याला ‘लूट’ म्हणतात. त्या प्रसंगातील एक प्रमुख, कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड, नव्वदी ओलांडल्यावरही ह्या शब्दाला हरकत घेत. ब्रिटिशांनी जनतेचे नेलेले धन परत आणले, ही लूट कशी, असा त्यांचा आक्षेप होता. साधनाची भाषा कोणाच्या बाजूची आहे, हे फादर हेरास ह्यांच्या पुस्तकातील तत्त्व कुंडलच्या एका वृद्धाने जगून सांगितले. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई २०२१ साली गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ साली. पाचव्या विद्यार्थ्याचे काम दर वर्षी अवघड होत चालले आहे.

वर्षअखेरीस ह्या गटाचे उत्तर ‘निश्चित सांगता येत नाही’ असे येण्याचा संभव आहे. पुरावा नीट मांडून ह्या उत्तरापर्यंत पोहोचलेल्या गटास पूर्ण गुण द्यावयाचे की नाही? येथे आमच्या अनेक प्राध्यापक मित्रांशी आमचा मतभेद आहे. त्यांची बाजूही खोटी नाही. एका वर्गात ऐंशी विद्यार्थी, शिक्षक एक, सत्र संपावयाच्या आत गुण विद्यापीठाकडे गेलेच पाहिजेत. सोळा गटांचे सोळा प्रश्न सांभाळावयाचे कोणी? विद्यार्थी पहिल्या महिन्यात गांगरतात, उत्तर द्या म्हणून मागे लागतात, आणि काही गटांत एकच मुलगी सारे काम करते व चौघे सही करतात. हे सारे खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मग सोळांऐवजी चारच प्रश्न द्यावेत आणि एकाच प्रश्नावर चार गटांना लावावे. चार गटांची उत्तरे जुळली नाहीत, तर त्या दिवशीचे भांडण म्हणजेच सत्रातील सर्वांत चांगला तास.

अशा प्रश्नांची साधने आपल्या धर्मग्रामांतही आहेत. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू ह्यांच्या नोंदवह्या ठेवणे ही चर्चची जुनी शिस्त आहे, आणि बहुतेक घरांत त्या वह्यांची आठवण होते ती केवळ दाखला हवा असला म्हणजे. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ जूनमध्ये मुंबईत शिरली आणि पावसाळा सरता सरता तिची दुसरी, भयंकर लाट मुंबई इलाख्यात पसरली. जगभरचा अनुभव असा, की ह्या साथीने वृद्धांपेक्षा ऐन उमेदीच्या माणसांना अधिक नेले. आपल्या गावीही तसेच झाले काय? धर्मगुरूंची परवानगी घेऊन १९१७, १९१८ आणि १९१९ ह्या तीन वर्षांतील मृत्यूंची वये एका कागदावर महिन्यावार मांडली, की दोन दिवसांत काहीतरी दिसू लागेल. त्यानंतर पुढील दोन वर्षांच्या विवाहांच्या नोंदी पाहाव्यात: विधुर किती, विधवा किती. मग बाप्तिस्म्याच्या वहीत पोरक्या मुलांना कोणी वाढविले त्याचा माग लागतो का, ते पाहावे. पुण्याच्या धर्मप्रांतातील सातारा-सांगलीकडच्या लहान ख्रिस्ती वस्त्यांपासून वसईच्या मोठ्या धर्मग्रामांपर्यंत हे कोठेही करता येईल. त्यासाठी लागते एक वही, एक पेन्सिल आणि वहीची पाने न दुमडणारे हात.

त्या सांगलीच्या मुलीला आम्ही नदीविषयी एकच प्रश्न विचारला होता: २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तीन महापुरांत पाणी तुमच्या गल्लीत कोणत्या पायरीपर्यंत आले? ती हसली, म्हणाली, हे काय विचारायचे, सर्वांना ठाऊक आहे. आठवड्याने तिचा फोन आला. तिने शेजारच्या तीन घरांत विचारले होते. एका घरी २०१९ चे पाणी दुसऱ्या पायरीवर होते, एका घरी उंबऱ्याला लागले होते, तिसऱ्या घरच्या आजी म्हणत होत्या की २००५ चेच मोठे. घरे एका ओळीत, जोते एका उंचीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेल्याचे तिने वर्तमानपत्रातून काढले होते. आता २००५ चा आकडा कोठे मिळेल, आणि पुलावरची पट्टी कोठपासून मोजतात, हे तिला हवे होते. आम्ही म्हटले, पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन विचार. ती वडिलांना घेऊन जाणार होती. मग म्हणाली, नको, मैत्रिणीला घेऊन जाते, आजींच्या पायरीचे मापही घ्यायचे आहे.